इंजिनचे तास मीटरवर वाचू नका

महोदय,

बडोद्यात विश्वामित्री नदीकाठच्या सोसायट्यांनी स्वतःची होडी ठेवावी की नाही, यावर आपल्या सदरात पत्रं येत आहेत. ठेवावी, असं माझं मत. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेली, तेव्हा आम्ही कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर अडकून दुधाच्या पिशव्यांची वाट पाहत होतो. खाली पाण्यात मगर दिसल्याची आवई रोज दोनदा उठत होती. त्यामुळे होडीवर वाद नाही. मला लिहायचं आहे ते होडीमागे लावायच्या जुन्या इंजिनाबद्दल. त्यात आमची सोसायटी चांगलीच फसली आहे.

मी कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो. पण खरेदी झाली तेव्हा मी मुलीकडे पुण्याला. कमिटीतले दोघं किनाऱ्यावरच्या एका गावी गेले आणि आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन आले. विकणारा म्हणाला होता, "साहेब, मात्र चालीस कलाक चालेलुं छे." म्हणजे फक्त चाळीस तास चाललेलं. पुराव्यादाखल इंजिनावर छोटं डिजिटल मीटर होतं, त्यावर ४१ तास. सेक्रेटरींनी त्या मीटरचा फोटो सगळ्यांना पाठवला. परत येऊन मी इंजिन पाहिलं, तेव्हा मीटर नवंकोरं आणि बाकी सगळं म्हातारं. असलं मीटर प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळली की सुरू होतं, आणि बसवलं त्या दिवसापासूनच मोजतं. त्याआधी इंजिनाने किती समुद्र पाहिला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

मग तास वाचायचे कुठे? इंजिन वळवायच्या दांड्याची रबरी मूठ पाहा. आमची इतकी गुळगुळीत झाली होती की हात ठरेना. एक्केचाळीस तासांत मूठ झिजत नाही. होडीच्या फळीला इंजिन आवळायचे क्लॅम्पचे स्क्रू पाहा. त्यांच्या चकत्या चेपून वाकड्या झालेल्या. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांच्या कडा जुन्या विळ्यासारख्या खाल्लेल्या, आणि पंख्याखालचं पातं वाळूवर घासून घासून बोटभर कमी झालेलं. इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला झिंकचा तुकडा निम्मा उरला होता. मात्र झिंकवरून तास काढू नका. इंजिन बंद असलं तरी खाऱ्या पाण्यात लटकत असेल तर तो झिजतोच. त्यावरून एवढंच कळतं की हे इंजिन खाऱ्या पाण्यातलं आहे.

खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू सैल केला तर ऑइल निघालं दुधाच्या चहासारखं. म्हणजे सील गेलेलं आणि पाणी आत. स्क्रूला बारीक राखाडी लेप असेल तर चालतं, पण आम्हाला चकचकीत कपच्या मिळाल्या. शेवटी दोन्ही प्लग काढले, इग्निशन बंद केलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजायचा गेज लावला. वरच्या सिलिंडरला १०८ पौंड, खालच्याला ८०. आकडा इंजिनाइंजिनाप्रमाणे वेगळा असतो, पण दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून फार फरक दिसला तर उठून चालू लागावं. एवढं सगळं बघायला अर्धा तास पुरतो, आणि हे पैसे देण्याआधी करायचं असतं. आमच्या पैशांची पावतीसुद्धा नव्हती.

नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत, निदान फ्युएल इंजेक्शनवाल्यांत, कॉम्प्युटर असतो. डीलर लॅपटॉप जोडून एकूण तास आणि कुठल्या आरपीएमला किती तास, तेही काढून देतो. असं इंजिन असेल तर तो कागद मागाच. जुन्या कार्बोरेटरवाल्यात ही सोय नाही.

तिथे माझा भरवसा पेट्रोलच्या वहीवर. दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो. एका वयस्कर मच्छीमाराकडे दोन वर्षांचं इंजिन होतं. मीटर नव्हतं, पण रोज किती पेट्रोल भरलं याची वही होती. आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर ताशी तीन-चार लिटर पितं. वहीत वर्षाला साधारण शंभर दिवस, दिवसाला दहा-अकरा लिटर. म्हणजे रोजचे तीन तास, आणि दोन वर्षांचे सहाशे. काका म्हणाले, "एटलुं तो हशे," तेवढं तर असेल. त्यांनी आकडा लपवला नाही, हे मला पुरेसं होतं. कॉम्प्रेशन ११२ आणि १०८, ऑइल स्वच्छ, आणि दर शंभर तासांनी ते बदलल्याच्या नोंदी वहीच्या मागच्या पानांवर. आमच्या सेक्रेटरींचा चेहरा मात्र पडला. ४१ सोडून ६००? मोटारीच्या हिशेबात बसवून सांगायचं तर होडीचं इंजिन कायम पावागढचा घाट चढत असतं, त्याला उतार नाही. त्यामुळे सहाशे तास थोडे नव्हेत. पण नीट सांभाळलेलं टू-स्ट्रोक हजारच्या पुढेही जातं, आणि आम्हाला ते वर्षातून चार दिवस हवं आहे.

हे चार दिवसच खरी अडचण आहेत. सोसायटीचं इंजिन चालून नाही, पडून खराब होतं. पाणी खेचणाऱ्या इम्पेलरची रबरी पाती एकाच बाजूला वाकलेली राहून तशीच कडक होतात. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतली वाफ ओढतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा करून ठेवतं. म्हणून एखाद्या फार्महाऊसवर सहा वर्षं ताडपत्रीखाली असलेलं, खरोखर तीस तास चाललेलं इंजिनही मी डोळे झाकून घेणार नाही. घेतलंच तर इम्पेलर आधी बदलेन.

चालवून पाहायला दोनशे लिटरचा ड्रम पुरतो. खालचा भाग पाण्यात बुडला पाहिजे. कोरडं इंजिन सुरू करून दाखवतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, इम्पेलर काही सेकंदांत जळतो. सुरू झाल्यावर मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार आली पाहिजे.

हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची होडी उलटून शाळेची मुलं बुडाली, बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, हे आपण सगळे जाणतो. लाइफ जॅकेटचे पैसे वाचवून जास्त हॉर्सपॉवर घेणाऱ्या कमिट्यांना त्यांच्या सभासदांनीच अडवावं.

आमचं दुसरं इंजिन आता तळमजल्यावर मीटरच्या खोलीत स्टँडवर उभं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला मी ते ड्रममध्ये दहा मिनिटं चालवतो, मग पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप विझू देतो. शेजारच्या सोसायट्यांतल्या कुणाला यायचं असेल तर यावं. गेज माझ्याकडे आहे, आणि पहिलं इंजिनही अजून कोपऱ्यात पडलं आहे. हाताने उघडून पाहायला ते फार उपयोगी आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
कारेलीबाग, बडोदे