दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढू नका

प्रति,
मा. संपादक,
स.न.

शाळेत पोरांना काय शिकवायचं यावर गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नुसता गदारोळ चालू आहे. २०२४ च्या मे महिन्यात एससीईआरटीने, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने, राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा वेबसाइटवर टाकला, त्यात एका प्रकरणाच्या सुरुवातीला मनुस्मृतीतला श्लोक होता, शिवाय मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करून घ्यायची सूचना होती, झालं, महाडला चवदार तळ्यावर आंदोलन झालं, चॅनेलवर रोज तेच, शेवटी तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं की मनुस्मृतीचा समावेश होणार नाही. मग २०२५ ला पहिलीपासून हिंदी आली, एप्रिलचा एक जीआर, जूनचा दुसरा, त्यावरून रान पेटलं आणि जून संपता संपता सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले.

या भांडणांना माझी हरकत नाही, भांडायलाच पाहिजे, शाळा जनतेच्या पैशावर चालतात. पण एक गोष्ट मला फार दिवस खातेय. पुस्तकात काही नवीन घुसवलं की लगेच सगळ्यांना दिसतं, मोर्चे निघतात, दोन्हीकडचे पुढारी माईकसमोर येतात. पुस्तकातून काही गुपचूप काढलं तर कुणाला पत्ताच लागत नाही, कारण जे पानावर नाहीच त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणार कसा? हे पत्र त्यासाठीच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आहे आनुवंशिकता व उत्क्रांती. उत्क्रांतीचे सिद्धांत मांडणारे डार्विन आणि लॅमार्क, जीवाश्म, अवशेषांगं म्हणजे शरीरात उरलेले बिनकामाचे अवयव, मानवाची उत्क्रांती, सगळं त्यात आहे. शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही असाच धडा होता, नाव जवळपास तेच. २०२२ मध्ये कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून त्यांनी पुस्तकं छाटली, त्यात त्या धड्यातली उत्क्रांती गेली आणि नुसती आनुवंशिकता उरली. कोविडपुरतं असेल असं आम्हाला वाटलं होतं, पण शाळा नीट सुरू झाल्या तरी ती परत आली नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशभरातल्या अठराशेच्या वर शास्त्रज्ञ, प्राध्यापक, शिक्षकांनी सह्या करून पत्र लिहिलं. सरकारकडून उत्तर आलं की डार्विन कुठे गेलेला नाही, पुढे अकरावी-बारावीत आहेच की.

आहे, पण कुणासाठी? बारावीच्या बायोलॉजीत आहे. म्हणजे ज्याने सायन्स घेतलं आणि त्यातही बायोलॉजी घेतलं त्याच्यासाठी. आमच्या गावातली पोरं दहावीनंतर कुठे जातात ते मी दरवर्षी बघतो, बरीचशी आर्ट्सला, काही आयटीआयला, काही सरळ शेतात, आणि मुलींचं तर कॉलेज तालुक्याला असेल आणि एसटीचा टाइम जमत नसेल तर दहावी हीच शेवटची पायरी. त्यांच्या आयुष्यात विज्ञानाचा शेवटचा तास दहावीचा. जीवसृष्टी अशी का आहे, आपण कुठून आलो, हे त्यांना कळण्याची शाळेतली एकमेव जागा तो धडा आहे.

आता हा प्रश्न महाराष्ट्राचा कसा, तर २०२५ मध्ये आपल्या सरकारने जाहीर केलं की राज्य मंडळातही टप्प्याटप्प्याने सीबीएसई पॅटर्न आणणार, एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या धर्तीवर आपली पुस्तकं होणार. एप्रिलच्या जीआरमधल्या वेळापत्रकात दहावीचा नंबर २०२८-२९ ला होता. तो जीआर पुढे हिंदीच्या वादात मागे गेला, त्यामुळे वर्ष मागेपुढे होईल, पण दहावीचं पुस्तक आज ना उद्या बदलणार हे नक्की. तेव्हा कुणी तरी समोर एनसीईआरटीचं पुस्तक ठेवून बसेल, त्यात उत्क्रांती नसेल, आणि आपल्यातूनही ती जाईल. कुणी मुद्दाम काढायचीसुद्धा गरज पडणार नाही.

भार कमी करायचा होता हे कारण मी अर्धं मान्य करतो, पोरांवर भार आहेच. पण भार म्हणून नेमका हाच धडा का जड झाला? २०१८ च्या जानेवारीत आपल्याच औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, शाळा-कॉलेजात हे बदलायला पाहिजे. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून हे खोडून काढलं, आणि हेही सांगायला पाहिजे की त्यांच्याच पक्षाचे, त्यांचे वरिष्ठ मंत्री असलेले प्रकाश जावडेकर यांनी त्यांना असं बोलू नका म्हणून सांगितलं. तेव्हा हा एका पक्षाविरुद्ध दुसऱ्या पक्षाचा विषय नाही, त्या पक्षातही विज्ञान मानणारी माणसं आहेत आणि बाकीच्या पक्षांत सगळेच फार जागे आहेत असंही नाही. आमच्या भागातल्या कुठल्याच पक्षाच्या पुढाऱ्याने या धड्याबद्दल एक शब्द काढल्याचं मला तरी आठवत नाही.

धर्माचंही तसंच. या धड्याला हरकत फक्त एका धर्मातून येते असा समज आहे तो चुकीचा आहे. तुर्कस्तानने २०१७ मध्ये नववीच्या जीवशास्त्रातून उत्क्रांती काढली, तिथे कारण सांगितलं की मुलांना हे कळण्याचं वय नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात डेटन गावी १९२५ मध्ये एका शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला भरला, शंभर डॉलर दंड केला, तिथे हरकत बायबल मानणाऱ्यांची होती. तो खटला जगभर गाजला, पण नंतर जे झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे. कटकट नको म्हणून पुस्तकं छापणाऱ्यांनी शाळेच्या पुस्तकांतून उत्क्रांती हळूहळू कमी करून टाकली, डार्विनचं नाव नको, तो शब्द नको, आणि रशियाने १९५७ ला स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर जेव्हा अमेरिकेला आपलं विज्ञान मागे पडल्याची धास्ती बसली तेव्हा कुठे साठच्या दशकात ती नीट परत आली. तीसेक वर्षं शाळांतल्या पोरांचं नुकसान झालं आणि त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही.

माझ्याकडेही पालक येतात. एकदा एक गृहस्थ आले, अतिशय सज्जन माणूस, सप्ताहात वीणा धरून उभे राहणारे, म्हणाले सर तुम्ही पोरांना माकडाची औलाद म्हणता का. मी त्यांना बसवलं, पुस्तक उघडून दाखवलं की माणूस आजच्या माकडापासून झाला असं कुठेच लिहिलेलं नाही, त्यांचे आणि आपले पूर्वज फार मागे कधीतरी एक होते एवढंच म्हणणं आहे. मग त्यांना हाडांचं चित्र दाखवलं, माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, बाहेरून चारही वेगळे, आतल्या हाडांची मांडणी तीच. ते बराच वेळ बैलाच्या पायाकडे बघत राहिले, आयुष्यभर बैल राखलेला माणूस, त्यांनी बोटाने एकेक हाड जुळवून पाहिलं. पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण मुलाला त्या तासाला बसू नको असं काही म्हणाले नाहीत, आणि मला तेवढं पुरे आहे. माझ्याही घरी एकादशी असते, ज्ञानेश्वरी असते. मराठीच्या पुस्तकात संतांचे अभंग आहेतच, ते वर्षानुवर्षं शिकवले जातात आणि शिकवलेच पाहिजेत. राज्यघटनेचं कलम २८ एवढंच म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवायला हरकत नाही हे सुप्रीम कोर्टानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितलंय. त्याच घटनेत कलम ५१अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

आणखी एक जण म्हणतात, दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असं ओळीने आहेच, मग डार्विन वेगळा कशाला. दशावतार श्रद्धेचा विषय आहे, तो सुंदर आहे, त्याला पुराव्याच्या रांगेत उभं करून आपण त्याचाही मान ठेवत नाही आणि विज्ञानाचाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कापसाबद्दल, कारण आमच्याकडे उत्क्रांती नुसती पुस्तकात नाही, शेतातही दिसते. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं ती कपाशी, २००२ ला आला, २००६ ला त्याची दुसरी पिढी आली, बोंडअळी मरायची, फवारण्या कमी झाल्या, लोक खूश होते. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते शेताच्या कडेने लावायचं असं त्यावर लिहिलेलं. आमच्या भागात ते किती जणांनी लावलं हे गावात कुणालाही विचारा, बहुतेकांनी बांधावर टाकून दिलं, कारण अळीने खायलाच मुद्दाम कपाशी लावायची हे कुणाच्या डोक्यात बसेना, आणि ते का लावायचं हे दुकानदारानेही सांगितलं नाही, कृषी खात्याचं सांगणंही गावापर्यंत कधी नीट पोचलं नाही.

कारण सरळ डार्विनचं आहे. लाखो अळ्यांमध्ये एखाद दुसरी निसर्गतःच अशी असते की जिला बीटीचं विष लागत नाही. सगळं शेत बीटीचं असेल तर बाकीच्या मरतात, त्याच तेवढ्या उरतात, त्यांचे पतंग आपसातच जुळतात आणि पुढची पिढी सगळी विष पचवणारी निघते. कडेला नॉन-बीटीच्या ओळी असल्या तर तिथे साध्या अळ्याही भरपूर जगतात, त्यांचे पतंग त्या थोड्या चिवट पतंगांशी जुळतात, आणि त्यांची पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. म्हणून ते पाकीट होतं. २०१० ला गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही हे ते तंत्रज्ञान देणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीनेच मान्य केलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसायला लागल्या, बोंडं आतून किडलेली, लोकांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी वेचणीसाठी कपाशी उभी ठेवली, की अळीला आणखी पिढ्या वाढायला मिळतात, हे आता कृषी अधिकारी ओरडून सांगतात, तेही त्याच धड्याचा भाग आहे.

मी हे वर्गात फळ्यावर काढून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी कधी हात वर न करणारी पोरं बोलायला लागतात, सर आमच्या वावरातबी असंच झालं होतं. एकीने विचारलं, मग ते पाकीट लावलं असतं तर अळी आलीच नसती का? मी म्हटलं आली असती, पण उशिरा आणि कमी, आणि इतक्या लवकर चिवट झाली नसती. ती पोरगी पुढे बायोलॉजी घेईल की नाही माहीत नाही, बहुतेक शेतीच करेल, पण हे तिला दहावीतच कळलं. तेच ॲन्टिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका याचं, तेच टीबीच्या गोळ्यांचं, तेच कोरोनाच्या डेल्टा आणि ओमिक्रॉनचं. एवढं सगळं त्या एका धड्यावर उभं आहे आणि तोच भार म्हणून काढायचा?

म्हणून माझं बालभारती आणि एससीईआरटीला आपल्या वर्तमानपत्रामार्फत जाहीर सांगणं आहे की दहावीच्या नव्या पुस्तकात उत्क्रांती ठेवा, आणि जमलं तर त्यात गुलाबी बोंडअळी घाला, उत्क्रांतीचं उदाहरण म्हणून नेहमी देतात त्या इंग्लंडच्या काळ्या-पांढऱ्या पतंगांपेक्षा ती आमच्या पोरांना लवकर समजते. भार कमी करायचाच असेल तर करा, पण पुस्तक छापायच्या आधी काय काय वगळलं आणि का वगळलं याची पूर्ण यादी मराठीत वेबसाइटवर टाका. पूर्ण म्हणतोय कारण एनसीईआरटीच्या वेळी तसं झालं नाही, बारावीच्या पुस्तकातली गांधीहत्येच्या संदर्भातली काही वाक्यं गेली ती जाहीर केलेल्या यादीत नव्हतीच, बोभाटा झाल्यावर संचालक म्हणाले नजरचूक झाली असेल. आपल्याकडे अशी नजरचूक होऊ नये.

२०२४ च्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या, पुढेही मागवतील. आम्ही तालुक्यातले काही विज्ञान शिक्षक मिळून निवेदन तयार करतोय, धड्याचं नाव आणि पान क्रमांकासकट. इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी, आणि ज्यांची पोरं आज सातवी-आठवीत आहेत अशा पालकांनीही आपापलं निवेदन पाठवावं, मुदत निघायची वाट न बघता आत्ताच पाठवलं तरी चालेल.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. यवतमाळ