रिपोर्टात नसलेला रकाना

संपादक महाशय,

आमच्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. टीडीएस, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म, सगळं मर्यादेत. खाली शिक्का ‘पिण्यास योग्य’. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आमच्यापासून लांब नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलाला विचारलं, पीएफएएस (निसर्गात सहजी न विघटणारी, फ्लोरिनयुक्त कारखानी रसायनं) तपासता का? म्हणाला, “काका, ते आमच्या यादीत नाही.” त्याचा काय दोष? आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातच या रसायनांना मर्यादा नाही.

विचारायला कारण होतं. इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनोत मितेनी कारखान्याने याच रसायनांनी भूजल नासवलं. सुमारे साडेतीन लाख लोकांना झळ बसली. 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, जून 2025 मध्ये न्यायालयाने 11 जणांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली. आणि तिथली यंत्रसामग्री विकली जाऊन आमच्या लोट्यात आली. इथलं पाणी बिघडलंय असं मी म्हणत नाही. पण बिघडलं तर कळणार कसं?

अडचण आहे, हे मान्य. अमेरिकेने 2024 मध्ये यातल्याच पीएफओए या एका रसायनाला लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात फार तर तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढं! एवढं बारीक मोजणारी यंत्रं महाग, तालुक्याच्या प्रयोगशाळेला न परवडणारी. अमेरिकेनेही वर्षभरातच अंमलबजावणी 2031 पर्यंत लांबवण्याचं जाहीर केलं. त्यात एका रसायनावर बंदी आली की कार्बनची साखळी थोडी आखूड केलेलं त्याचं भावंड बाजारात हजर. म्हणून युरोपने 20 रसायनांची मिळून लिटरमागे 100 नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठेवली, ते मला पटतं. एकेकाच्या मागे धावलो तर जन्म पुरायचा नाही.

घरी पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, ही रसायनं मागे राहतात. आरओने बरंचसं निघतं, पण निघालेलं मोरीतून पुन्हा मातीतच.

मानक यायचं तेव्हा येवो. प्रदूषण नियंत्रण मंडळाने वसाहतीभोवतालच्या विहिरी, जगबुडी, वाशिष्ठी आणि दाभोळ खाडीतले नमुने आत्ताच घ्यावेत, बाहेरून तपासून आणावे लागले तरी, आणि आकडे जाहीर करावेत. पाच वर्षांनी भांडण झालंच तर आजचा आकडा आम्हालाही लागेल आणि कारखान्यांनाही.

– एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी