गुलाबी चलन

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेअकरा झालेत आणि तुझ्या खोलीच्या दाराखालून अजून उजेड दिसतोय. मी ओटा आवरून जेवणाच्या टेबलावरच लिहायला बसले आहे. संध्याकाळी तू विचारलंस, "आई, कल्पना कशी वाटली?" आणि मी "बघू" म्हणून उठले. तुझा चेहरा पडलेला मला दिसला. नोकरी सोडण्याइतकी मोठी गोष्ट तू मनात धरली आहेस, तिला "बघू" हे उत्तर होऊ शकत नाही. बोलायला बसले की आपण दोघी मध्येच तापतो, म्हणून लिहिते आहे. उद्या ऐरोलीला जाताना गाडीत वाच.

तुझी कल्पना मला जशी समजली ती अशी: छोट्या मशीन शॉपसाठी, म्हणजे धातूचे सुटे भाग करून देणाऱ्या कारखान्यांसाठी, फोनवर चालणारं सॉफ्टवेअर. कोणता जॉब कोणत्या मशीनवर कधी लावायचा, हे ते आपोआप सांगणार. मागच्या आठवड्यात तू आमच्या साहेबांना ते दाखवलंस. ते म्हणाले, "एकदम भारी! तयार झालं की सांग." तू घरी आलीस ती हवेतच.

मनू, बावीस वर्षं मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्याच शॉपमध्ये चलनं, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या पावत्या, फाडते, बिलं लावते, पेमेंटच्या मागे लागते. साहेब चांगले गृहस्थ आहेत, तुला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. म्हणूनच त्यांचं "भारी" तू जमेला धरू नकोस. तोंडावर "नको" कोण म्हणणार? "झालं की सांग" म्हणायला काहीच लागत नाही. तू त्यांना भविष्यातलं विचारलंस, की असं मिळालं तर घ्याल का. त्याऐवजी झालेलं विचारायचं होतं: गेल्या महिन्यात मशीन बंद कधी राहिलं? का राहिलं? तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यात किती पैसे गेले? मग कळलं असतं, की व्हीएमसी, ते संगणकावर चालणारं मशीन, दोन दिवस उभं राहिलं ते पार्टीकडून, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडून, रॉड आला नाही म्हणून, आणि लेथ राहिला तो ऑपरेटर लग्नाला गावी गेला म्हणून. आमच्याकडे मशीन सहा आहेत. कुठला जॉब कशावर लावायचा हे सुपरवायझरला झोपेतही सांगता येतं. तू जे सोडवायला निघाली आहेस ते आमचं दुखणं नाही.

एकदा असंच एक सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं होतं. तू तेव्हा कॉलेजात होतीस. प्रत्येक मशीनजवळ एक टॅब लावला. जॉब सुरू झाला की बटण दाबायचं, संपला की दाबायचं, रिजेक्शन झालं की आकडा टाकायचा. आता तूच बघ, ऑपरेटरच्या हाताला कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) आणि तेल लागलेलं. दर वेळी हात पुसून तो टॅबला हात लावणार? पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी केलं. नंतर सगळे शिफ्ट सुटताना आठवून आठवून आकडे टाकू लागले. तिसऱ्या महिन्यात ते कागदावर लिहून मला देत आणि मी रात्री थांबून भरत असे. मग तेही सुटलं. पैसे भरलेले होते, ते गेले. विकणारी माणसं लबाड नव्हती, सॉफ्टवेअरही मोडकं नव्हतं. भरायचं ऑपरेटरने आणि फायदा साहेबांचा, हे त्यात कुणी पाहिलंच नाही. ऑपरेटरला त्यातून मिळत काय होतं? आपण किती वेळ रिकामे बसलो याची नोंद, तीही स्वतःच्या हाताने. तुझ्या कल्पनेतही माहिती भरणारा एक, वापरणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा आहे. या तिघांना काय मिळणार ते आधी कागदावर लिहून काढ. एकाच्या वाट्याला नुसतं काम आलं, तर सगळं तिथेच अडणार.

आता आमचं खरं दुखणं सांगते. तू लहानपणी माझ्या चलनबुकाच्या प्रती रंगवायचीस, आठवतं? पांढरी, गुलाबी, पिवळी, मध्ये कार्बन. ती गुलाबी प्रत सही-शिक्का होऊन परत आली नाही, तर माझी झोप उडते.

समज, पार्टीने २५० किलो रॉड जॉबवर्कला, म्हणजे त्यांच्या मालाचे भाग करून द्यायला, पाठवला. एका बुशला (नळीसारखा छोटा भाग) २६० ग्रॅम माल लागतो, म्हणजे हिशेबाने ९६१ नग व्हायला हवेत. निघतात ९४०, कारण प्रत्येक रॉडचा शेवटचा तुकडा चकमध्ये, मशीनच्या पकडीत, धरायला जातो आणि सेटिंगमध्ये काही नग खराब होतात. बुश प्लेटिंगला, म्हणजे वर धातूचा मुलामा द्यायला, बाहेर जातात. मी चलनावर नग लिहिते, प्लेटिंगवाला वजनावर घेतो. तीन खेपांत माल परत येतो, तो मोजला की भरतो ९२८. बारा नग गेले कुठे? टेम्पोत सांडले, पिंपात राहिले, की मुळात मोजणीच चुकली? रॉड किलोत आला, बुश नगांत गेले, चुरा पुन्हा किलोत भंगारात गेला, आणि या सगळ्याचा मेळ माझ्या लाल कापडी पाठीच्या वहीत. दोन वर्षांपूर्वी अशाच पाच नगांसाठी एका पार्टीने आमचं पावणेदोन लाखांचं बिल अडवलं होतं. पाच नगांची किंमत दोन हजारही नसेल. मी एक अख्खा शनिवार आणि रविवारची सकाळ जुन्या चलनांच्या गठ्ठ्यात काढली. ते चलन सापडलं तेव्हा त्यावर तेलाचा डाग होता आणि ८ चा ३ वाचला गेला होता.

यात कायदाही येतो. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हापासून जॉबवर्कला दिलेला कच्चा माल पार्टीकडे एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर माल पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरतात आणि पार्टीवर व्याजासकट कर बसतो. पार्टीला त्याचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र भरावं लागतं. पाच कोटींवर उलाढाल असली तर वर्षातून दोनदा, बाकीच्यांना एकदा. त्यामुळे एप्रिल आणि ऑक्टोबर आला की पार्ट्यांचे फोन सुरू होतात: चलनवार हिशेब पाठवा, नाहीतर पुढचं पेमेंट सुटणार नाही. म्हणजे या दुखण्याला तारीख आहे आणि ते न जुळल्याचे पैसे मोजावे लागतात. मशीनच्या वेळापत्रकाला असं काहीच नाही. ते आज नाही जमलं तर उद्या जमेल.

पेमेंटचंही तसंच. लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे आणि करार नसेल तर १५, हा कायदा २००६ चा. पण फरक पडला तो आयकरातल्या बदलाने. वेळेत दिलं नाही, तर ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये ज्यांच्या मागे मी वर्षानुवर्षं लागत होते, त्यांनी आपणहून फोन करून आमचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योग असल्याचा दाखला, मागितलं. एक कलम बदललं आणि लोकांची सवय हलली. तुझ्यासारख्या मुलीने असे क्षण हेरायला हवेत. "हे आधी कुणी का केलं नाही" याचं उत्तर पुष्कळदा "आधी त्याची गरजच नव्हती" असं असतं.

मात्र मी सांगितलं म्हणून लगेच चलनाचं सॉफ्टवेअर करायला बसू नकोस. माझं म्हणणंही तपासून घे. मी आयुष्यभर एकच शॉप पाहिलं. प्लेटिंगवाल्याला हा त्रास वाटतच नसेल, पार्टीच्या स्टोअरवाल्याला तर आमची चूक निघण्यात सोयच असेल. आणि एक अवघड प्रश्न मीच तुला घालते: आमच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, टॅलीत जॉबवर्कची सोयही आहे. मग मी वही का ठेवते? मला वाटतं, टेम्पो दारात उभा असतो, ड्रायव्हर घाई करतो, तेव्हा नोंद तिथेच झाली पाहिजे आणि टॅली आतल्या खोलीतल्या संगणकावर. पण हे मला वाटतं. तुला हे वीस ठिकाणी पाहावं लागेल. त्या प्रश्नाचं धड उत्तर मिळालं तर कल्पनेत दम आहे. नाही मिळालं, तर वही तुला हरवेल. वही फुकट असते, बंद पडत नाही आणि तिला शिकवावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर चलनाचा फोटो पाठवणंही फुकटच आहे.

टॅलीवरून आठवलं. १९८६ मध्ये बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी ते मुलाकडून, भारत गोयंकांकडून करून घेतलं. त्यातून टॅली उभी राहिली आणि २०२० मध्ये भारत गोयंकांना पद्मश्री मिळाली. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिला ग्राहक घरातच होता, रोज वापरत होता आणि कुठे अडतं ते रोज सांगत होता. तुझ्याही घरात असं एक माणूस आहे. तू मला एकदाही विचारलं नाहीस, याचं थोडं वाईट वाटलं, ते लपवत नाही.

हिशेबही मांडून बघ. छोटा शॉपवाला महिन्याला हजार रुपये देईल असं धर. शंभर शॉप म्हणजे महिन्याला एक लाख. त्यात तू, तुझी मैत्रीण, सर्व्हरचा खर्च, फिरणं. आता शंभर शॉप मिळवायचे कसे? ही माणसं जाहिरात बघून पैसे भरणारी नाहीत. दाखवायला एक फेरी, शिकवायला दोन, "चालत नाही" म्हणून फोन आला की चौथी. चारशे फेऱ्या झाल्या. दिवसाला दोन केल्यास तर दोनशे दिवस. शिवाय शॉप आहेत किती? १९६२ साली एमआयडीसीचं काम वागळे इस्टेटमधूनच सुरू झालं, पण मी लागले तेव्हा ज्या गल्लीत लेथचे आवाज यायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत. रबाळे, महापे, तुर्भे, अंबरनाथ धरूनच मोजावं लागेल. गुगलवर मोजू नकोस, चालत मोज. पाच ते वीस मशीनवाले किती, त्यांतले जॉबवर्क करणारे किती, आणि चलन लिहायला वेगळं माणूस ठेवलेले किती. हा शेवटचा आकडा खरा. माणूस ठेवलंय म्हणजे तिथे त्या त्रासाचे पैसे आजही मोजले जातात.

आणि सॉफ्टवेअर लिहायच्या आधी ते काम हाताने करून बघ. झॅपोस या इंटरनेटवर बूट विकणाऱ्या अमेरिकन कंपनीची गोष्ट तूच मला सांगितली होतीस: १९९९ मध्ये ती सुरू करणाऱ्या माणसाने जवळच्या दुकानातल्या बुटांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवले. तोटा झाला, पण लोक न घालता बूट विकत घेतात एवढं कळलं. तूही तसंच कर. तीन शॉप घे. रोज संध्याकाळी त्यांच्या चलनांचे फोटो मागव, एक्सेलमध्ये तूच मेळ लाव आणि सकाळी त्यांना सांग, कुठल्या पार्टीकडे किती नग अडकलेत. पहिल्या दिवसापासून पैसे घे, पाचशे का होईना. ओळखीचे असले तरी घे, आमच्या साहेबांकडूनही घे. दोन महिन्यांनी तू एक दिवस काम बंद ठेव. कुणी "आजचं आलं नाही" म्हणून फोन केला तर पुढे बोलू. कुणाचाच आला नाही, तर तेही कळेल, आणि तेव्हा तुझी नोकरी शाबूत असेल.

हे सगळं नोकरी न सोडता होतं. रात्रीचे दोन तास आणि शनिवार-रविवार. झेपेल तुला, बारावीला याहून जास्त झेपलं होतं. ते जमलं, तिघांतले दोघे पैसे भरत राहिले आणि त्यांनी आणखी कुणाला तुझ्याकडे धाडलं, तर राजीनामा दे, मी अडवणार नाही. घराचा हप्ता एक वर्ष मी ओढते. तुझ्या बाबांशी अजून बोलले नाही, पण ते माझ्यावर सोड. नाहीच जमलं, तर दोन महिने गेले असं म्हण. एखाद्या कल्पनेवर जीव जडला की ती सोडवत नाही, हे मला कळतं. त्यासाठीच तारीख आधी ठरवून ठेव आणि ती मला सांग.

या शनिवारी माझ्याबरोबर शॉपवर ये. साडेआठला निघू, प्लेटिंगवाल्याचा टेम्पो नऊला येतो. लॅपटॉप घरी ठेव. माझ्या शेजारी बस, काही सुचवू नकोस, फक्त मी दिवसात किती वेळा वही उघडते आणि का उघडते ते लिहून काढ. दुपारी मी तुला प्लेटिंगवाल्यांकडे नेते. त्यांना मी कालच फोन करून सांगितलंय, मुलगी येईल, तिला सगळं दाखवा म्हणून.

झोप आता.

तुझी,
आई

ता. क. जुने बूट घाल. जमिनीवर कूलंट असतं, पाय घसरतो.