सुभेदार काकांस, भुईमुगाच्या रानातून

ती. सुभेदार काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

पन्हाळ्याकडच्या आमच्या माळावर भुईमूग उपटताना आईचं मंगळसूत्र तुटलं. मणी सापडले, एक वाटी सापडली. दुसरी गेली ती गेलीच. मी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. वडणग्यात मामांच्या पंचगंगाकाठच्या मळीत खिळा पुरून बघितला तर झकास चालला. आमच्या जांभ्याच्या तांबड्या रानात मात्र चालू केल्यापासून नुसता बोंबलत होता. दोन दिवस शंभरेक खड्डे काढले. आई म्हणाली, "नांगरट तरी झाली."

यंत्र खराब निघालं म्हणून परत पाठवणार होतो, तेवढ्यात तुम्ही आलात. सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, सुरुंग शोधण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली हे गावाला ठाऊक होतं, पण मला विचारायची लाज वाटत होती. यंत्र हातात घेऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "यंत्र खुळं नाही, जमीन बोलत्या." जांभ्यात लोखंडाची खनिजं ठासून भरलेली, त्यांचंच उत्तर यंत्राला ऐकू येतंय. दारात डॉल्बी वाजत असताना शेजारच्या घरातली कुजबुज कशी ऐकू येणार?

मग तुम्ही आधी सेन्सिटिव्हिटी उतरवली. मी ती शेवटापर्यंत चढवून ठेवली होती, जास्त म्हणजे चांगलं या हिशोबानं! धातू नसलेली जागा बघून कॉइल, म्हणजे यंत्राची खालची चकती, हापशाच्या दांड्यासारखी खाली-वर करायला लावलीत आणि ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे जमिनीचा आवाज दाबायचं, बटण बारीक बारीक फिरवत राहिलात. कॉइल खाली नेली काय, वर उचलली काय, सूर हलेना तेव्हाच पुढं निघालात. तेही दहा-बारा पावलांपुरतं. शेणखत पडलेला पट्टा लागला, जांभ्याचा चुरा लागला, पाटाजवळची ओल लागली की पुन्हा तोच खटाटोप. मला कंटाळा आला, तुम्हाला नाही.

माझी खरी चूक वेगळीच होती. गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीवर यंत्र सारखं वाजतं म्हणून मी फॉइल गाळायची सेटिंग लावली होती. पातळ सोन्याचा आवाजही त्याच पट्टीतला, हे तुम्ही सांगितल्यावर घाम फुटला. म्हणजे वाटीवरून मी किती वेळा गेलो असेन कोण जाणे!

बांधावर तोवर गर्दी. गुप्तधन निघणार म्हणे. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं, असं तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत आणि निम्मी माणसं घरी गेली.

चौथ्या सरीत बारीक, पण कॉइल दोन्ही बाजूंनी फिरवली तरी येणारा आवाज आला. चार बोटं खाली वाटी होती, जरा चेपलेली. आई काहीच बोलली नाही, पदरानं पुसत राहिली. पैसे तुम्ही घेतले नाहीत, जेवला नाहीत. उसाच्या मुलखात राहून चहासुद्धा बिनसाखरेचा घेतलात.

तुमचा हेडफोन आमच्याकडंच राहिलाय. रविवारी घेऊन येतो, सोबत भाजलेल्या शेंगा. त्या तरी नको म्हणू नका.

तुमचा,
शंभर खड्डेवाला