फिरत्या खुराड्याचे वजन

संपादक महोदय,

कोंबड्यांच्या फिरत्या, म्हणजे तळ नसलेल्या आणि रोज नव्या गवतावर सरकवायच्या खुराड्यांबद्दल हल्ली बरेच लिहून येते, पण सांगाड्याच्या वजनाबद्दल कोणी बोलत नाही. खुराडे जड झाले की रोज सरकवायचा कंटाळा येतो. मग एकाच जागी विष्ठा साचते, गवत जळते आणि ‘फिरते’ हा शब्द नावालाच उरतो.

८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच खुराडे ८ कोंबड्यांना पुरते, तेही रोज जागा बदलणार असाल तरच. दीड इंची लाकडी पट्ट्या पुरेत. मात्र प्रत्येक बाजूला तिरपी पट्टी हवीच. ओढताना सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि नुसते खिळे उपटतात, म्हणून तिथे नटबोल्ट वापरा. चाके एकाच टोकाला, ८ ते १० इंचांची. लहान चाके ओल्या मातीत रुततात.

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्धा इंची वेल्डेड जाळीच लावा. बसायची दांडी घरट्यापेक्षा उंच असावी, दर कोंबडीला ८ इंच. नाहीतर कोंबड्या घरट्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. छपराला पत्रा असेल तर त्याखाली हवेसाठी फट ठेवा.

सरकवताना घाई नको. मागच्या आडव्या पट्टीखाली कोंबड्यांचे पाय सापडतात, पिल्लांचे तर हमखास. वादळी वाऱ्यात हलके खुराडे उलटते. त्यासाठी चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोर बांधा.

– एक कुक्कुटपालक