अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला नुसता रंग फासू नका

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या कृष्णाकाठच्या गावात २०१९च्या महापुरात ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीतनं म्हातारीकोतारी माणसं बाहेर काढली तिला मागच्या उन्हाळ्यात वरच्यावर ऑइलपेंट मारला आणि महिन्यात पोपडे निघाले, फार वाईट वाटलं. अहो, अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा थर चढतो, त्यावर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी तेलकटपणा धुवायचा, पॉलिश पेपरनं घासायचं (लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजतात) आणि त्याच दिवशी एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा, रंगाआधीचा पहिला हात) मारायचा. या सगळ्याआधी बोटीत थोडं पाणी ओतून रिवेट (पत्रे जोडणारे खिळे) गळतायत का तेही बघायचं. तळाला तांबंवाला रंग तर लावूच नका, पाण्यात तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. ग्रामपंचायतींनी हे काम पावसाळ्याआधी करून घ्यावं ही विनंती.

– एक वाचक, जि. सांगली