रस्त्यालाही स्वतःची आखीव पत्रिका हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकासह नागपुरातील सर्वच वृत्तपत्रांत भूखंडांच्या जाहिराती दिसू लागतात. मिहानपासून दहा मिनिटे, समृद्धी महामार्गापासून पंधरा मिनिटे, एन.ए.टी.पी. (अकृषक व नगररचना) मंजूर, आर.एल. (भूखंडाचे मंजुरीपत्र) उपलब्ध, बँकेचे कर्ज मिळेल, असा मजकूर आणि त्याखाली चौकोनी भूखंडांचा रंगीत नकाशा. त्या नकाशात प्रत्येक भूखंडाला क्रमांक असतो. मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र 'रस्ता' एवढेच लिहिलेले असते. तो पांढरा पट्टा सरकारी दप्तरात कोणाच्या नावावर आहे, हे भूखंड घेताना मी विचारले नव्हते, आणि माझ्या ओळखीतल्या कोणी विचारल्याचेही मला आठवत नाही. त्याविषयीच हे पत्र आहे.

आपल्या शहरात 'लेआउट' हा शब्द पत्त्याचाच भाग झाला आहे. वर्मा लेआउट, डागा लेआउट, पांडे लेआउट ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. सरकारी भाषेत त्याला 'अभिन्यास' म्हणतात, पण ऑटोवाल्याला अभिन्यास सांगून कोणी घरी पोहोचल्याचे मी ऐकलेले नाही. परवानगी लागते ती घर बांधायला, शेताचे तुकडे पाडून विकायला नाही, अशी समजूत मात्र अनेकांची आहे आणि ती चुकीची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीचा अभिन्यास आणि उपविभागणी यांचा समावेश आहे. म्हणजे एक वीटही न ठेवता केवळ चुन्याच्या रेघा मारून भूखंड पाडायचे असले तरी नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. परवानगीशिवाय विकास केल्यास कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड सांगितला आहे. एका कोपऱ्याच्या भूखंडाची आजची किंमत पाहिली तर हा दंड कोणाला अडवील, हे वाचकांनीच ठरवावे.

नियम कमी आहेत असे मुळीच नाही. ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार निवासी अभिन्यासातील अंतर्गत रस्ता साधारणपणे किमान ९ मीटर रुंद असावा लागतो आणि त्याची लांबी वाढत गेली की रुंदीही १२, १५ मीटर अशी वाढवावी लागते. त्यामागचे कारण साधे आहे. रस्ता जितका लांब तितकी त्यावर अवलंबून असणारी घरे जास्त, तितकी वाहने, तितके नालीचे पाणी, आणि अग्निशमनाची गाडी आत गेल्यावर ती वळवायला लागणारी जागाही तितकीच मोठी. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. नकाशाला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होऊन जागेवर रस्ते व भूखंड यांचे सीमांकन होते, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. हा क्रम कोणीतरी विचार करून घातला आहे, हे मान्यच करावे लागेल. घोळ त्यापुढे होतो, जिथे नियोजनाचे दप्तर संपते आणि महसुलाचे सुरू होते.

माझेच उदाहरण देतो. हुडकेश्वर मार्गाच्या पलीकडे एका गृहनिर्माण संस्थेने एका शेतकऱ्याकडून शेत घेऊन त्याचे भूखंड पाडले होते. त्यांतला दीड हजार चौरस फुटांचा एक मी १९९८ मध्ये घेतला. विक्रीपत्रात मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका नंबर आणि चतुःसीमा सारे व्यवस्थित होते. पूर्वेला '३० फुटी रस्ता' असे लिहिलेले होते. विक्रीपत्रे भूखंडांची झाली, फेरफार भूखंडांचे झाले. रस्ते आणि खुली जागा यांचे विक्रीपत्र कोणी कोणाला करून देणार? त्यामुळे सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या नावे जे 'शिल्लक क्षेत्र' राहिले ते नेमके तेच होते. त्याच्या निधनानंतर वारसांचा फेरफार झाला, त्यांची नावे चढली, आणि काही वर्षांनी एक गृहस्थ आमच्या मुलांच्या खेळण्याच्या जागेवर लोखंडी तारा घेऊन आले. त्यांच्या हातात रीतसर नोंदवलेले विक्रीपत्र होते. त्यांनाही फसवले गेले होते, हे आम्हाला भांडण बरेच वाढल्यावर कळले. रस्त्याचे हाल तर बोलायलाच नकोत. ज्याने कुंपण घातले त्याने हातभर पुढे घातले, आणि ३० फुटांचा रस्ता आज एका ठिकाणी १९ फूट भरतो. कचऱ्याची गाडी तिथूनच मागे फिरते.

जुन्या वस्त्यांत असे का झाले नाही, याचे उत्तर मला सक्करदरा स्ट्रीट स्कीममध्ये राहणाऱ्या माझ्या मामांच्या बोलण्यातून मिळाले. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा, आणि त्यात 'स्ट्रीट स्कीम' हा योजनेचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. तिथे प्रन्यास जमीन संपादन करी, रस्ता आखून काढी आणि मग भूखंड पट्ट्याने (लीजवर) देई. रस्त्याचा मालक कोण हा प्रश्न उद्भवायला जागाच नव्हती, कारण साऱ्या जमिनीचा मालक एकच होता. खाजगी अभिन्यासात मालकी पहिल्या दिवसापासून विखुरली जाते आणि कोणीही न मागितलेला भाग मूळ मालकाकडे पडून राहतो. सार्वजनिक उपयोगाची म्हणून नकाशात दाखवलेली जागा, जिला आपल्याकडे सगळे 'पीयू'ची जागा म्हणतात, तीही अशीच पडून राहते.

न्यायालयांनी यात लोकांची बाजू घेतलेली आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरवला. मात्र १९९५ च्या दिल्लीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने असेही म्हटले की केवळ अभिन्यास मंजूर केला म्हणून खुल्या जागेची मालकी महापालिकेकडे फुकट हस्तांतरित करून घेता येत नाही. ती जागा लोकांच्या उपयोगासाठी राखून ठेवणे एवढे बंधन मालकावर राहते. म्हणून 'रस्ते आपोआप महापालिकेचे होतात' असे जे ठामपणे सांगितले जाते, त्यावर विसंबून राहू नये. बंधन आहे, पण ते सातबाऱ्यावर दिसत नसेल तर तारा घेऊन येणाऱ्याला आणि त्याचे विक्रीपत्र नोंदवणाऱ्याला ते कळणार कसे?

नियमितीकरणाने हा प्रश्न सुटतो, असे सांगितले जाते. विनापरवानगी पाडलेले भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला; २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना लागू झाला. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे नियमितीकरणाच्या यादीतील अभिन्यासांचे आकडे उच्चारले की कोणत्या अभिन्यासांविषयी बोलणे चालले आहे ते पानठेल्यावरही कळते. डिमांड नोट (शुल्काची मागणी) भरायची आणि आर.एल. घ्यायचे, यात एक संपूर्ण पिढी खपली. पण आर.एल. मिळते ते भूखंडाला. रस्ता जसा उरला असेल तसा उरतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचेही तेच. २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) ठरले, आणि पुढे शहरी भागातील छोट्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाटही शासनाने मोकळी केली. गुंठा-दोन गुंठ्यांवर घर बांधून बसलेल्या माणसाला दिलासा मिळायलाच हवा, याविषयी माझे दुमत नाही. परंतु तुकडा नियमित झाला म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता नियमित होत नाही, आणि या दोन गोष्टी आपण सर्रास एकच समजतो.

माझी सूचना मोठी नाही. अंतिम मंजुरीच्या नकाशावरून भूमी अभिलेख खाते जेव्हा कमी-जास्त पत्रक (जमिनीच्या विभागणीनंतर क्षेत्रातील बदलांचा तक्ता) तयार करते, तेव्हा भूखंडांप्रमाणेच प्रत्येक रस्त्याला आणि प्रत्येक खुल्या जागेला स्वतंत्र क्रमांक देऊन स्वतंत्र सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी-उतारा) उघडावी. मालकी हस्तांतरित होत नसेल तर मालकाचे नाव राहू द्यावे, पण सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात आणि आखीव पत्रिकेच्या 'सुविधाधिकार' रकान्यात 'मंजूर अभिन्यासातील रस्ता, विक्रीस मनाई' अशी नोंद घ्यावी. ही नोंद होईपर्यंत त्या अभिन्यासातील एकाही भूखंडाचे विक्रीपत्र नोंदवले जाऊ नये. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील भूखंड-प्रकल्पाला २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. तिथेही या उताऱ्यांची प्रत मागता येईल. यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही, परंतु महापालिका, प्रन्यास आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या तिन्ही दारांवरून फिरलेल्या माणसाला एवढे नक्की सांगता येते की कोणाचे तरी एकाचे हे काम आहे असे लेखी ठरवून द्यावे लागेल.

आमच्या वस्तीतील रहिवाशांनी मागच्या वर्षी वर्गणी काढून रस्त्याची मोजणी करून घ्यायचे ठरवले. अर्ज घेऊन आम्ही कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या लिपिकाने अतिशय सौजन्याने सांगितले की मोजणीचा अर्ज जमिनीच्या धारकाने करायचा असतो. आम्ही आमच्या भूखंडांचे धारक आहोत, रस्त्याचे नाही. रस्त्याचे धारक दप्तरानुसार मूळ मालकाचे वारस आहेत, आणि आमच्या अर्जावर त्यांनी सही का करावी, हे आम्हाला त्यांना पटवून देता आलेले नाही. असा अर्ज नियोजन प्राधिकरणाने स्वतःहून करावा, एवढीच तूर्त विनंती आहे.

आपला,
एक भूखंडधारक
हुडकेश्वर मार्ग, नागपूर